रेंज कुठे येते? टाळेबंदीतल्या वर्गांचा भूगोल

(ठाण्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. निमंत्रणपत्रिकेत माझ्या नावापुढे 'शिक्षणतज्ज्ञ' असं छापलंय, ते तेवढं मनातल्या मनात खोडून टाका. मी इथल्याच एका पदवी महाविद्यालयात भूगोल शिकवते. त्यामुळे मला कुठलीही गोष्ट सांगितली की माझा पहिला प्रश्न 'कुठे?' हाच असतो. करोनाच्या काळात मुलं किती शिकली, काय शिकली, यावर भरपूर परिसंवाद झाले. ती कुठे बसून शिकली, हे मात्र फारसं कुणी विचारलं नाही. आज मी त्याबद्दलच बोलणार आहे.

सुरुवात अभ्यासिकेपासून करते. अभ्यासिका ठाणेकरांना समजावून सांगायला नको. महापालिकेची असते, एखाद्या मंडळाची असते, देवळामागच्या खोलीतली असते, नाहीतर दुकानाच्या वरच्या मजल्यावर कुणीतरी खासगी चालवत असतं. प्लायवुडच्या फळ्या घालून केलेले कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक खुर्ची, एक ट्यूबलाइट, भिंतीवर 'मोबाइल सायलेंट ठेवावा'. तिथे पुस्तकं असतीलच असं नाही. मुलं तिथे जातात ती खुर्चीसाठी. लोकमान्यनगर, किसननगर, कळवा, दिवा, पलीकडे घणसोली, कोपरखैरणे, जिथे जिथे घरं लहान आहेत तिथे तिथे अभ्यासिकेबाहेर चपलांचा ढीग मोठा. एमपीएससीवाले, सीएवाले आणि परीक्षा आली की आमची टीवायची, म्हणजे पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुलं. म्हणजे या शहराला एक गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक आहे. आपल्याकडे बहुतेकांच्या घरात माणसं राहू शकतात, जेवू-झोपू शकतात, भांडू शकतात. अभ्यास करायचा असेल तर बाहेर जावं लागतं.

मार्च २०२०च्या मध्यावर महाविद्यालयं बंद झाली. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला आणि त्याच रात्रीपासून लोकल थांबल्या. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी. अभ्यासिकांना कुलपं, ग्रंथालयांना कुलपं, तलावपाळीचा कठडासुद्धा रिकामा. अभ्यासाच्या जेवढ्या म्हणून जागा या शहराने पिढ्यान् पिढ्या शोधून ठेवल्या होत्या, त्या सगळ्या एका आठवड्यात बंद झाल्या. साथीच्या काळात ते करावंच लागणार होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याच वेळी मुलांना सांगितलं गेलं की आता घरीच शिका. ज्या घरातून अभ्यासासाठी पळून जायची सवय होती, त्याच घरात वर्ग आला.

आता तुम्ही म्हणाल, अहो, सगळ्यांकडे मोबाइल होता की. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८मध्ये, शिक्षणाविषयीची पाहणी झाली होती. देशात संगणक असलेली कुटुंबं १०.७ टक्के, इंटरनेटची सोय असलेली २३.८ टक्के. नुसती शहरं घेतली तर संगणक २३.४ आणि इंटरनेट ४२ टक्के. हे आकडे त्या काळात सगळ्यांनी वापरले, मीही वापरले. पण यात एक गोम आहे. हा हिशेब घरांचा आहे. घरात एक स्मार्टफोन असेल तर ते घर 'इंटरनेट असलेलं' ठरतं. तो फोन बाबांचा आहे, बाबा सकाळी सातला ड्यूटीवर जातात आणि फोन त्यांच्याबरोबर जातो, हे त्या टक्केवारीत दिसत नाही. घरात दोन भावंडं असली आणि दोघांची लेक्चरं सकाळी दहाला असली तर फोन कुणाचा? माझ्या अनुभवात बहुतेक वेळा बारावीतल्या भावाचा. कारण त्याचं 'बोर्डाचं वर्ष', आणि हिचं काय, बी.ए.च तर आहे.

त्या वर्षीच्या टीवायच्या वर्गाला मी एक काम दिलं. खरं तर आमच्या अभ्यासक्रमात क्षेत्रभेट असते. एखाद्या गावात जायचं, पाहणी करायची, अहवाल लिहायचा. ते शक्यच नव्हतं. म्हणून म्हटलं, आपल्या घराचा नकाशा काढा. प्रमाण घ्या, दिशा दाखवा, सूची द्या. आणि त्यात तीन गोष्टी दाखवा : तुम्ही लेक्चरला कुठे बसता, तिथे रेंज किती येते आणि त्या वेळी घरातली बाकीची माणसं कुठे असतात.

इतक्या वर्षांत मी तपासलेल्या जर्नलांमध्ये, म्हणजे प्रात्यक्षिकाच्या वह्यांमध्ये, तसे नकाशे मला कधी मिळाले नव्हते. कळव्याच्या डोंगरउतारावरच्या वस्तीतल्या एका मुलाने पोटमाळा दाखवला होता. वर पत्रा, एप्रिल-मेमध्ये दुपारी बाराच्या पुढे तिथे बसणं अशक्य, म्हणून त्याने नकाशात वेळेप्रमाणे दोन जागा दाखवल्या, सकाळची आणि दुपारची. दुपारची जागा होती चाळीच्या सामाईक नळाशेजारची पायरी. घणसोली गावठाणातल्या एकाने गच्चीवरची पाण्याची टाकी दाखवली, टाकीच्या सावलीत तो बसायचा आणि सावली सरकली की तोही सरकायचा. एकाने नकाशाच्या चौकटीबाहेर बाण काढून लिहिलं होतं, 'काकांची रिक्षा, गल्लीच्या तोंडाशी उभी.' रिक्षा बंद होती तोवर ती त्याची अभ्यासिका होती. रिक्षा सुरू झाली आणि तो वर्गातून गेला.

मुलींचे नकाशे वेगळे होते. त्यात 'माझी जागा' म्हणून ठिपका असायचा तो बहुतेक स्वयंपाकाच्या ओट्याच्या जवळ. एकीने तर सूचीत स्वतःसाठी चिन्हच ठेवलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, "मॅडम, मी एका जागी नसतेच. लेक्चर कानात असतं, मी फिरत असते." इअरफोनचं एक टोक कानात, ओढणीखाली लपवलेलं, आणि हात पोळ्यांवर. घरच्यांना वाटतं ती काम करतेय, मला वाटतं ती लेक्चरला हजर आहे. दोन्ही खरं होतं.

या मुलीबद्दल बोलताना लोकलचा विषय काढायलाच हवा. लोकलच्या गर्दीला आपण शिव्या घालतो आणि त्या योग्यच आहेत. दिव्याहून आठ-साडेआठची गाडी पकडून दाखवा, मग बोलू. पण माझ्या मुलींशी बोलताना मला हळूहळू कळत गेलं की त्यांच्या दिवसात लोकल ही एक वेगळीच जागा होती. आसनगावहून येणारी, बदलापूरहून येणारी, पनवेलहून ट्रान्स हार्बरने ठाण्याला येणारी मुलगी त्या तास-सव्वा तासात कुणाची मुलगी नसते, कुणाची वहिनी नसते. तिला कुणी 'जरा इकडे ये गं' म्हणू शकत नाही. नोट्स वाचा, गप्पा मारा, झोपा, मैत्रिणीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडा. ऑनलाइन शिक्षणाच्या फायद्यांच्या यादीत 'प्रवासाचा वेळ वाचला' हे अगदी वर लिहिलेलं असतं. वाचला ना. पण तो वेळ तिच्या हातात आला नाही, तो घराने घेतला.

आता थोडं पलीकडे, कोकणात जाऊ. मुंबई विद्यापीठाचा पसारा मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत आहे आणि ठाण्यातली निम्मी घरं मनाने कोकणात असतात. मे २०२०मध्ये हाताला काम नाही, भाडं चालू, आजूबाजूला रुग्ण वाढतायत, म्हटल्यावर बरीच कुटुंबं गावी गेली. आधी गावच्या शाळेत क्वारंटाईन, मग घर. तेवढ्यात ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, इकडे मंडणगड, दापोली. माडा-पोफळींच्या बागा गेल्या, छपरं उडाली, विजेचे खांब आडवे झाले. काही गावांत कित्येक आठवडे लाइट नव्हती. त्याच दिवसांत आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'अंतिम वर्षाच्या परीक्षा होणार की नाही' यावर रोज नवी अफवा येत होती आणि श्रीवर्धनकडची माझी विद्यार्थिनी ग्रुपवर नुसती एक टिक घेऊन बसली होती. दुसरी टिक यायला बरेच दिवस लागले. तिचा पहिला मेसेज परीक्षेबद्दल नव्हता. तिने विचारलं होतं, "मॅडम, भिजलेली मार्कशीट वाळवून चालते का?"

सिंधुदुर्गातल्या एका मुलीची बातमी तुम्हाला आठवत असेल. पशुवैद्यकीय शाखेची विद्यार्थिनी, घरी रेंज नाही, म्हणून डोंगरावर रेंज सापडली तिथे भावांनी खोपटं बांधून दिलं. भर पावसात ती तिथे जाऊन शिकायची. वर्तमानपत्रांनी कौतुक केलं. कौतुकाची गोष्ट होतीच. पण ती वाचताना मला जरा रागही आला, कारण त्या कौतुकात 'कुठे' हा प्रश्न विरून गेला. डोंगरावर चढण्याची जिद्द ही शैक्षणिक पात्रता कधीपासून झाली?

परीक्षेचं थोडक्यात सांगते, कारण तो इतिहास बऱ्याच जणांना पाठ आहे. राज्य सरकारला अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्यायच्या नव्हत्या. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, ६ जुलै २०२०ला सुधारित सूचना काढल्या की त्या सप्टेंबरअखेरपर्यंत घ्याच. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २८ ऑगस्टला निकाल लागला : परीक्षेशिवाय पदवी नाही, मुदत हवी तर वाढवून मागा. मग ऑक्टोबरमध्ये ऑनलाइन, बहुपर्यायी प्रश्न. आणि १२ ऑक्टोबरला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम अंधारात. कळवा-पडघ्याकडच्या उच्चदाब वाहिन्यांमध्ये बिघाड झाला होता. कळवा! म्हणजे माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांच्या खिडकीतून दिसणारे ते मनोरे. लोकल जागच्या जागी थांबल्या, त्या दिवशीच्या परीक्षा पुढे ढकलल्या. इतके महिने 'सगळं आता क्लाउडवर आहे' हे ऐकून कान किटले होते. तो क्लाउड कळव्याच्या तारांवर लटकलेला आहे हे त्या दिवशी कळलं. भूगोलवाल्यांना जरा बरं वाटलं, खोटं का बोलू?

कॉप्या झाल्या का? झाल्या. प्रश्नपत्रिका उघडली की दोन मिनिटांत ग्रुपवर उत्तरं. सगळीच मुलं बिचारी होती असं चित्र मला रंगवायचं नाही. लिंकवर जॉइन होऊन झोपणारे होते, लेक्चर लावून क्रिकेट खेळणारे होते, 'मॅडम, आवाज तुटतोय' हे वाक्य सोयीने वापरणारे तर भरपूर होते. पण त्यांची शिक्षा सगळ्या पिढीला झाली. 'कोविड बॅच' हा शब्द अजून ऐकू येतो, मुलाखतीत तोंडावर बोलला जातो. २०२१मध्ये एका खासगी बँकेच्या भरतीच्या जाहिरातीत तर त्या वर्षी उत्तीर्ण झालेले उमेदवार पात्र नाहीत असं छापलं होतं. बँकेने नंतर ती छपाईतली चूक असल्याचं सांगितलं. असेल. पण ती जाहिरात व्हॉट्सॲपवर फिरली तेव्हा माझ्या एकाही विद्यार्थ्याला ती चूक वाटली नव्हती, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

शिकण्याचं नेमकं काय गेलं, हे माझ्या विषयापुरतं सांगते. बाकीच्यांचं बाकीच्यांनी सांगावं. रसायनशास्त्रवाल्यांना ब्युरेट हातात न घेता टायट्रेशन शिकवावं लागलं. शिक्षण मंत्रालयाच्या व्हर्च्युअल लॅब्स त्याआधीपासून होत्या, त्यांनी थोडा हात दिला. आमचं प्रात्यक्षिक म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाचा स्थलदर्शक नकाशा, आम्ही त्याला टोपोशीट म्हणतो. १ सेंटिमीटरला अर्धा किलोमीटर, म्हणजे १:५०,०००. त्यावर तपकिरी समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दोन रेषांमध्ये २० मीटर उंचीचं अंतर. हा कागद टेबलावर पसरायचा, चार जणांनी त्यावर ओणवं व्हायचं, आणि बोटाने रेषा धरून चालायचं. बोट चालता चालता एका क्षणी मुलाला ती रेषांची गर्दी डोंगर म्हणून दिसायला लागते. तो क्षण मी दरवर्षी चेहऱ्यांवर पाहते. साडेपाच-सहा इंचांच्या फोनवर तो येत नाही. झूम केलं की रेषा दिसते पण डोंगर हरवतो, झूम काढलं की नुसता तपकिरी डाग. शेवटी मी मुलांना सांगितलं, खिडकीतून येऊरचा डोंगर दिसत असेल तर तो बघा आणि त्याच्या रेषा कागदावर काढा. ज्यांच्या खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची खिडकी होती त्यांनी काय करायचं, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणि कॅमेरा. आमच्या स्टाफरूममध्ये, म्हणजे स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, यावर कडाक्याची भांडणं झाली. स्क्रीनवर रंगीत गोल, गोलात नावाचं आद्याक्षर. त्या अक्षरांसमोर तासभर बोलायचं. काही सहकाऱ्यांचं म्हणणं, कॅमेरा सक्तीचा करा, नाहीतर हजेरी नाही. नकाशे तपासल्यानंतर मला ते जमेना. कॅमेरा सुरू करायला सांगणं म्हणजे साठ मुलांसमोर घराचं दार उघडायला सांगणं. मागे आजी झोपलेली असते, दोरीवर कपडे वाळत असतात, वडील नोकरी गेल्यामुळे दिवसा घरी असतात आणि ते कुणाला कळू नये असं घरच्यांना वाटत असतं. वाशीच्या बाजार समितीत माथाडी असलेल्या एकाच्या घरी तर, मे महिन्यात तिथले रुग्ण वाढून बाजार काही दिवस बंद ठेवावा लागला तेव्हापासून, शेजारी दारातून बोलायचेही बंद झाले होते. तो मुलगा कॅमेरा कशाला लावेल? कॉलेजात येताना तो इस्त्रीचा शर्ट घालून येतो. तो कुठल्या गल्लीतून आला हे वर्गात दिसत नाही. महाविद्यालय नावाच्या इमारतीचा हा मोठा उपयोग आहे आणि तो कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेला नसतो.

फायदे झालेच नाहीत असं म्हणणारे मला खोटे वाटतात. वर्गात कधी तोंड न उघडणारी मुलं चॅटमध्ये लिहायला लागली. लिहिलेला प्रश्न थरथरत नाही. लग्न होऊन सासरी गेलेली आणि शिक्षण सुटलेलं असं आम्ही धरून चाललो होतो ती एक मुलगी लेक्चरला दिसायला लागली, आणि पदवी घेऊन गेली. व्हीलचेअरवरच्या एका विद्यार्थ्याला आमच्या लिफ्ट नसलेल्या इमारतीचे दोन जिने त्या वर्षी चढावे लागले नाहीत. शहापूर-मुरबाडकडच्या मुलांनी रेकॉर्ड केलेली लेक्चरं रात्री बाराला, रेंज मोकळी झाली की, ऐकली. हे सगळं पुन्हा कॉलेजं उघडल्यावर आम्ही किती चटकन बंद करून टाकलं! चॅट गेलं, रेकॉर्डिंग गेलं, जिने मात्र तसेच राहिले.

महाविद्यालयं उघडली २० ऑक्टोबर २०२१ला, तीही लशीच्या दोन मात्रा झालेल्यांसाठी. २०२०मध्ये एफवायला, म्हणजे पहिल्या वर्षाला, प्रवेश घेतलेली मुलं एसवायला, दुसऱ्या वर्षाला, गेल्यावर पहिल्यांदा इमारतीत आली. नियमाने सीनियर, आणि टॉयलेट कुठे आहे हे विचारत होती. जानेवारीत ओमायक्रॉनची लाट आली, पुन्हा महिनाभर बंद. त्या बॅचला मी अजूनही नीट ओळखत नाही. आवाजावरून ओळखते. रस्त्यात भेटतात, 'मॅडम' म्हणून हाक मारतात, आणि हाक ऐकली की नाव आठवतं, चेहरा पाहून नाही.

हे सगळं आज का सांगते? कारण ऑनलाइन वर्ग गेलेला नाही. नव्या शैक्षणिक धोरणात तो आहे, 'स्वयम्' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन मंचावरच्या अभ्यासक्रमांचे श्रेयांक (क्रेडिट) पदवीत धरायची तरतूद आहे, मुसळधार पावसाचा रेड अलर्ट आला की दुसऱ्या दिवशीची लिंक आदल्या रात्री तयार असते. तंत्रज्ञानाची चर्चा करायला माणसं पुष्कळ आहेत. मला माझ्यासमोर बसलेल्यांपैकी ज्यांचा महापालिकेत, संस्थांमध्ये शब्द चालतो त्यांच्याकडे एवढंच मागायचं आहे की मुलांना ऑनलाइन अभ्यासक्रम द्याल तेव्हा तो करायला जागाही द्या. अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत उघड्या ठेवा, त्यात वायफाय द्या, मुलींसाठी वेगळी वेळ नको, उजेडाचा रस्ता हवा. कॉलेजांच्या कितीतरी खोल्या दुपारनंतर कुलूपबंद असतात, त्या उघडा.

आमच्या विभागात आम्ही ते सुरू केलंय. नकाशांची प्रयोगशाळा संध्याकाळी सहापर्यंत उघडी असते. इतर शाखांची मुलंच जास्त येतात, टोपोशीटच्या कपाटाला टेकून कानात इअरफोन घालून बसतात. आमचे शिपाईमामा तोवर थांबतात. त्यांच्या जादा वेळेचे पैसे कुठल्या खात्यातून द्यायचे, याचा कागद मात्र अजून कार्यालयातच फिरतोय.